कीस छताकडे उडतो आहे

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा हात कसा आहे हे पहिल्याच ओळीत विचारायचं नाही असं ठरवून बसले आहे, कारण विचारलं की तू चिडतेस. फोन तर दोन महिने उचलतच नाहीस. तेव्हा लेथबद्दल लिहिते. निदान त्याच्यासाठी तरी पाकीट फोडशील.

तुझा लाकूड कोरायचा लेथ बिघडला आहे. माझ्याकडे आल्यापासून मी त्याची सेवा नीट करते, हे आधी सांगते. काम झालं की ब्रशने भुसा काढते, लोखंडी पट्ट्यांवरून तेलाचं फडकं फिरवते, हत्यारांना धार लावून ठेवते. तू शिकवलंस तसंच. पण गेल्या महिन्यात मोटर नुसतीच गुरगुरायला लागली आणि जळका वास आला. वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने नवी तार भरून दिली आणि वर म्हणाला, "ताई, आता वीस वर्षं बघायला नको." वीस मिनिटंही गेली नाहीत.

आता ऐक. पटाशी लाकडाला लावली की ती कापतच नाही, उलट हातातून वर उचलली जाते. जरा जोर केला की ज्या चकतीवर लाकूड बसवतो ती चकतीच आट्यांवरून सैल होते. परवा तर लाकडासकट सुटली, भिंतीवर आपटली आणि पॉलिशचा डबा पाडून कपाटाखाली गेली. नेमके तेव्हाच तुझे जावई चहा घेऊन दारात. त्या दिवसापासून ते मागच्या खोलीत स्कूटरचं हेल्मेट घालूनच येतात. "आत्याबाईंचं मशीन आहे, ते मला बरोबर ओळखतं," म्हणतात.

मी पट्टा बदलला. पायांचे बोल्ट आवळले. पटाशीला तीनदा धार लावली, इतकी की बोटाला लागली, पण त्याचं विशेष नाही. लाकूड धरणारी दोन्ही टोकं समोरासमोर येतात का तेही पाहिलं, केसभर फरक नाही. कीससुद्धा विचित्र वागतो. पूर्वी पायाशी ढीग व्हायचा, आता वर उडून ट्यूबलाइटवर जाऊन बसतो. जमीन झाडू की छत, कळत नाही.

काय करू? दोन ओळी लिही. वाटल्यास रागावून लिही.

तुझी
धांदल


२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं, ओळी जिन्यासारख्या खाली उतरत गेलेल्या. देताना पोस्टमनने विचारलं, "लहान मुलाचं का हो?" मी म्हटलं, "हो, एकोणसत्तर वर्षांच्या."

तू लिहिलंस, 'बाईसाहेब, कीस वर उडतो म्हणजे मोटर उलटी फिरते आहे. लाकूड वरून खाली, तुझ्याकडे यायला हवं. तारा बदलून घे. लेथ कोणाला विचारून नेलास?'

जावई इतके हसले की हेल्मेट काढावं लागलं. मी मात्र खजील. आठ वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिले, आणि लाकूड कुठल्या बाजूने फिरतंय एवढंच बघायचं राहिलं. वाइंडिंगवाल्याने दोन तारा अदलाबदल करून दिल्या. "फिरायला लागली ना, मग मला वाटलं झालं," म्हणाला. त्याला चार शब्द सुनावावे म्हणून गेले होते, न सुनावता परत आले. आता कीस पायाशी पडतो. लांब, सलग, सफरचंदाच्या सालीसारखा.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. कोणालाच विचारलं नाही.

तू दवाखान्यात होतीस, उजवा हात लुळा, उशीवर नुसता ठेवलेला. तुझे कपडे आणायला घरी गेले तर लेथवर वाडगा तसाच होता, अर्धा कोरलेला. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो बोलावला. सगळ्यांना सांगितलं, आत्याला इजा नको व्हायला. सगळे म्हणाले, पोरीला किती काळजी. मलाही ते ऐकायला बरं वाटलं.

खरं म्हणजे तू त्या वाडग्यासमोर उभी आहेस आणि तुझा हात उचलत नाही, हे मला बघवलं नसतं. माझ्यासाठी नेला, आत्या. तू घरी आलीस तेव्हा तुला जमिनीत बोल्टची चार भोकं तेवढी दिसली. तू काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर त्याच दिवशी परत आणला असता, असं इतके दिवस मी स्वतःला सांगत होते. तेही खरं नाही.

तो वाडगा मी कोरला नाही. त्याच्या चकतीसकट जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे. उद्योग केले ते सगळे भंगार लाकडावर. मोटर सुधारल्यावर पहिली वस्तू केली ती पटाशीची मूठ, जाडजूड, डाव्या हातात बसेल अशी. करून झाल्यावर लक्षात आलं, पुन्हा तुला न विचारताच. म्हणून बसवली नाही. पटाशीला जुनीच मूठ आहे, स्विचही होता तिथेच, उजवीकडे. काय कुठे हलवायचं ते तू सांग. मी पाना घेऊन उभी राहीन आणि तोंड बंद ठेवीन. तोंडाची खात्री देत नाही.

टेम्पोवाल्याला शनिवारचं विचारून ठेवलं आहे. अजून हो म्हटलेलं नाही. ते तू म्हणायचं.

आणि आता विचारतेच: हात कसा आहे? चिडायचं असेल तर चीड, पण फोन उचलून चीड.

आणखी एकच कळव. ती चार भोकं सिमेंटने बुजवून तर टाकली नाहीस ना?

तुझ्या जमिनीतले चारही बोल्ट पर्समध्ये घेऊन फिरणारी,
तुझी धांदल