आधी पाणी, मग ॲसिड

८ जानेवारी
ओठ फुटलाय. भात गिळताना मीठ झोंबतं.
कारण — दहावीचं विज्ञान! बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय हे पाच महिने नवऱ्यापासून लपवलं. आज दौलतला गादीखाली पुस्तक सापडलं. "काय गो कौसल्या, बेचाळिसाव्या वर्षी शाळेत जातंस? माझी लाज काढूक?" आधी पुस्तकाने मारलं. मग हाताने. नूपुर मध्ये पडली, तर लेकीलाही भिंतीवर ढकललं.

९ जानेवारी
पुस्तक आता गंगुबाईच्या पिशवीत. गिलिटाच्या कारखान्यात आम्ही दोघीच बायका. पितळी कड्या, दारांच्या मुठी ॲसिडात बुडवून साफ करायच्या, मग चिंतामणीशेठ त्यांच्यावर चकाकी चढवतात. चिंचपोकळीच्या या गाळ्यात चौदा वर्षं ॲसिड हाताळतेय, त्याचं खरं नाव आज कळलं — सल्फ्युरिक आम्ल! हायड्रोजन, गंधक, ऑक्सिजन.
गंगुबाई म्हणाली, "नाव कळलं म्हणून भाजायचं थांबतं काय?"
हसले तर ओठ पुन्हा फुटला.

१४ जानेवारी
रविवार. नूपुरचीही यंदा दहावी. दौलत शिवडीला गोदामात गाडी भरायला गेलेला. आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसलो, शेंगदाण्याची पुडी मध्ये.
"द्रव्य म्हणजे?"
"ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं." — पाठ!
"मिश्रण आणि संयुग?" अडखळले.
"भेळ म्हणजे मिश्रण, आई. कुरमुरा कुरमुराच राहतो, कांदा कांदाच. संयुगात नवीनच पदार्थ होतो. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी. दोघांचं मिळून मीठ. तू आमटीत घालतेस!"
मी म्हटलं, "आणि अणू? तो फुटत नाही?"
"रासायनिक अभिक्रियेत नाही. नुसत्या जोड्या बदलतात."
"बरंय बाई त्यांचं!"
इतक्या हसलो की शेंगदाणे सांडले.

२ फेब्रुवारी
मनगट सुजलंय. डॉक्टरांना म्हटलं, जिन्यावरून पडले. त्यांनी मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी
आज नूपुरला मारलं. पट्ट्याने.
ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, आईला परत हात लावू नका." तिच्या पाठीवर बकल उमटलंय, चौकोनी, निळं. मी तिच्या अंगावर पडले, मग फटके माझ्यावर बसले. समोरच्यांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज ऐकला मी.
मरावा असं वाटलं. लिहूनच टाकते — मरावा!

१२ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत वाचलं: उष्मादायी अभिक्रिया. संहत आम्ल विरल करताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. म्हणून पाण्यात आम्ल घालायचं — थोडं थोडं, ढवळत. आम्लात पाणी कधीच नाही. पाणी वरच्या थरातच उकळतं, अंगावर उडतं.
शेठ पहिल्याच दिवशी ओरडले होते, "आधी पाणी, मग ॲसिड! उलटं केलंस तर तोंड राहणार नाही." कारण चौदा वर्षांनी कळलं.

१६ फेब्रुवारी
आजचं आजच लिहिते.
दुपारी गाळ्यात मी एकटी. शेठ आणि गंगुबाई जेवायला गेलेले. टबात ॲसिड काढलं होतं, बाजूला पाण्याची बादली — त्यात थोडं थोडं घालायला. दौलत आला. प्यायलेला. कुणीतरी परीक्षेचं हॉल तिकीट आल्याचं सांगितलेलं त्याला.
केस धरले. डोकं टेबलावर आपटलं, दोनदा. "घरी चल! काम बस, शाळा बस!"
मी म्हटलं, "अहो, एवढं ॲसिड पातळ करून येते. उघडं टाकता येत नाही."
"पाणीच घालूचा ना? माका येत नाय काय?"
बादली उचलली. टबावर वाकला, माझ्याकडे बघत. मी तोंड उघडेपर्यंत बादली उपडी झाली.
फुस्स — असा आवाज! वाफ. मग त्याची किंकाळी. गाल, गळा, छाती. शर्ट अंगावरच विरघळायला लागला. मी तो फाडला, त्याला नळाखाली ओढलं, डोकं धरून ठेवलं. तो लाथा मारत होता. वीस मिनिटं पाणी. चामडी माझ्या बोटांना चिकटत होती.
हॉस्पिटलवाले म्हणाले, पाण्यामुळे एक डोळा वाचला.

१९ फेब्रुवारी
नणंद वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडली, "हिनेच फेकलं!" झिंज्या धरून मला दारापर्यंत ओढत नेलं. पोलिसांनी तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं — ओरडले असते, वेळच मिळाला नाही.
नूपुर रात्रंदिवस मला घट्ट धरून बसते.

२२ फेब्रुवारी
शेठ म्हणाले, "पोलिसांचं मिटेपर्यंत येऊ नकोस." सगळं दौलतच्या जबाबावर आहे. त्याची शुद्ध येते-जाते.
घरात इतकं शांत आहे. नूपुर काल बिनधास्त गाणं म्हणत भांडी घासत होती. मला लाज वाटली. आणि बरंही वाटलं.

२६ फेब्रुवारी
दौलतने जबाब दिला. हवालदाराला म्हणाला, "बायकोला ओरडायला वेळच मिळाला नाही, साहेब. मीच बादली ओतली."
हवालदार गेल्यावर मला खुणेने जवळ बोलावलं. बँडेजच्या पट्ट्यांतून तो एकच डोळा.
"तोंड उघडलंस गो. मगे मिटलंस. मी बघत होतंय."
वेळ होता.