पाणी उथळ

बोटीवरून, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्याच ओळीत एक दुरुस्ती. मागच्या पत्रात तू माझ्या बोटीला होडकं म्हटलं आहेस. जिच्यात झोपायला चार फळ्या, एक शेगडी आणि मी स्वतः सुटं करून पुन्हा जोडलेलं डिझेल इंजिन आहे, तिला बोट म्हणतात.

सोमवारी निघालो. मास्तर, टेलर आणि मी. किनारा उजव्या हाताला ठेवून सावकाश चाललो आहोत. सकाळी नांगर उचलायचा, दुपारी एखाद्या खाडीत शिरून जेवायचं, ऊन उतरलं की पुढचं बंदर. टेलरने गाद्यांना नवे अभ्रे शिवले आहेत. एकाची शिवण जराशी वाकडी आहे, ती मी त्याला दाखवली, तर तो काहीतरी पुटपुटला. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून अधिकच कामसू झालाय. पुढच्या टोकाला उभा राहून बांबूने पाण्याची खोली मोजतो. पण तोही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. वय झालं की माणसं अशी होतात.

इंजिन मात्र तू ऐकायला हवं होतंस. खरं तर ऐकूच येत नाही, इतकं गुळगुळीत चाललंय. मी कुठल्या शाळेत गेलो नाही, इंजिनाला कान लावून शिकलो, आणि या कामाची कोणी परीक्षा घेतली तर पैकीच्या पैकी घेईन. इकडचे पक्षीही गुणी. डोक्यावर पांढरे थवेच्या थवे, पण ओरडत नाहीत. तसं मास्तरला म्हटलं, तर त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू पुटपुटतेस, पत्रात स्पष्ट बोलतेस. शेवटच्या टप्प्याला बोटीवर यायचं तू कबूल केलं आहेस. चौथी फळी तुझी. उत्तर पुढच्या बंदराच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाक.

लोभ आहे, तो गंजू देऊ नकोस.
तुझा धाकटा


घरून, ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

होडक्याला बोट म्हणायचं की नाही, ते आत बसून बघितल्यावर ठरवीन. टेलरला माझा निरोप दे की अभ्रे छान झाले असणार. शिवण वाकडी म्हणणारा माणूस स्वतःच्या शर्टाची बटणं वर-खाली लावतो, हेही सांग.

पुटपुटण्याचं मात्र मनाला लागलं. मी सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात काढली. अनोळखी लोकांना दिवसभर नंबर सांगितले, पुन्हा सांगा असं क्वचितच कोणी म्हटलं. आणि मागच्या खेपेला मी तुला डॉक्टर बदलला म्हणून सांगितलं, तर तू दार बदललं असं ऐकलंस आणि बिजागऱ्या कोणत्या घ्यायच्या ते अर्धा तास समजावत बसलास. मीही ऐकून घेतलं, कारण तू रंगात आला होतास.

एकच विचारते. बाबांचं गजराचं घड्याळ तू बोटीवर नेलंयस ना? त्याची टिकटिक तुला ऐकू येते का, तेवढं लिही.

लोभ आहेच, त्याला वेगळं तेलपाणी लागत नाही.
तुझी ताई


बोटीवरून, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घड्याळ वेळ बरोबर दाखवतं. टिकटिक ऐकू येत नाही, कारण निघण्यापूर्वी मी त्याला तेल दिलं होतं. झालं समाधान?

आता जे घडलं ते मीच लिहितो, नाहीतर मास्तर मीठमसाला लावून सांगेल. काल दुपारी एका खाडीच्या तोंडाशी होतो. सुकाणू माझ्या हातात, मास्तर पुढे बांबू घेऊन, टेलर डुलकी काढत होता. मास्तर वळून मला म्हणाला की पाणी उकळ. मला राग आला. चहाची तल्लफ आली तर नीट सांगावं, बोटीच्या मालकाला असा हुकूम सोडू नये. तरी मित्र म्हणून मी सुकाणू दोरीने बांधलं, खाली गेलो, किटली भरली, शेगडी पेटवली. तो वरून पुन्हा तेच, आणि मग हातवारे. मी खालून सांगितलं की ठेवलंय उकळायला, जरा दम धर.

तेवढ्यात किटली शेगडीवरून घसरली आणि बोट वाळूत जाऊन बसली.

मास्तरचं म्हणणं, तो पाणी उथळ म्हणत होता. असेल. पण मग त्याने ‘थ’ स्वच्छ उच्चारायला हवा. ओहोटी लागली होती, त्यामुळे भरती येईपर्यंत आम्ही तिघं तिरक्या बोटीत तिरके बसलो. चहा अर्धाच कप ओतावा लागत होता. टेलर हसून हसून लालबुंद झाला. मास्तर हसला नाही. संध्याकाळी बोट आपोआप तरंगली, बुडाला ओरखडा नाही, मी हात फिरवून पाहिलं.

रात्री जेवताना दोघांनी मिळून मला सांगितलं की उद्यापासून सुकाणू टेलर धरेल. माझ्या बोटीचं सुकाणू, ताई. ज्याला सरळ शिवण घालता येत नाही त्याच्याकडे. आता बंदरात नांगर टाकून पडलोय आणि तिघंही एकमेकांशी फार सभ्यपणे वागतोय.

तुझ्या बाजूने लोभ असेल असं धरून चालतो.
तुझा धाकटा


घरून, १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले, मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. तिथे वाळू होती म्हणून चहा झाला. खडक असता तर मला हे पत्र मास्तरने लिहिलं असतं.

बंद पडलेलं यंत्र समोर आलं की सगळ्यात साधी गोष्ट आधी तपासावी, हे तूच मला शिकवलंस. मिक्सर बंद पडला तेव्हा तू आधी प्लग बघितलास. तर आता बघ. माझा आवाज बिघडला, टेलर पुटपुटायला लागला, जन्मभर मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या मास्तरचा ‘थ’ गेला, पक्षी मुके झाले, घड्याळ मुकं झालं, आणि जुनं इंजिन एकाएकी गुणी झालं. एवढं सगळं एकदम होण्यापेक्षा तुझे दोन कान बिघडले असणं सोपं नाही का?

टिकटिकीचं मी उगाच विचारलं नव्हतं. ते घड्याळ मला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचं, तेल दिल्यावरसुद्धा.

तुला राग येणार. ये म्हणावं त्याला, चार दिवस राहू दे. पण कान दाखवल्याशिवाय मी त्या बोटीत पाय ठेवणार नाही, आणि सुकाणू मागायचा हक्क तुलाही नाही. बघ, मी बोट म्हटलं.

रागाच्या खालीही लोभच आहे, हे तुला माहीत आहे.
तुझी ताई


बोटीवरून, २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझं पत्र पुन्हा उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघं बाजारात गेले असताना घड्याळ घेतलं. हाताच्या अंतरावर धरलं, काही नाही. जवळ आणत गेलो. उजव्या कानाला ते जवळजवळ टेकल्यावर कळलं, डाव्या कानाला टेकवलं तरी कळलं नाही. मग सेकंदाचा काटा फिरताना बघत तसाच बसलो.

तुला म्हणून लिहितो. मला डॉक्टरची भीती नव्हती. जे काही येतं ते कानाने शिकलो. कानच गेले तर मी उरतो कुठे, ही होती.

दुसऱ्या दिवशी बंदरामागच्या गावात डॉक्टरकडे गेलो. मास्तर सोबत आला, न बोलावता. दोन्ही कानांना यंत्रं मिळाली. बनावट सामान्य आहे. सेलच्या झाकणाच्या कडेला बोचरी कूस राहिली होती, ती मी कानशीने घासून काढली. डॉक्टरला हे आवडलं नाही.

बोटीवर येऊन इंजिन चालू केलं आणि ताई, ते ठकठकत होतं. इतकं स्पष्ट की शिकाऊ माणसानेही ओळखावं. मी दोघांवर उखडलो की हे तुम्ही मला सांगितलं का नाही. मास्तर म्हणाला, निघाल्या दिवसापासून सांगतोय. टेलर म्हणाला, त्यानेही सांगितलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं होतं की हो, हवा छान आहे.

दोष कानानेच शोधला. इंजिनाच्या बैठकीचा एक बोल्ट ढिला होता. आवळला. आता इंजिन खरंच गुळगुळीत आहे, साक्षीदार आहेत. पक्षी दिवसभर भांडतात. टेलर घोरतो, आणि मास्तरने हे इतक्या रात्री एकट्याने सोसलं त्याबद्दल मला आदर वाटू लागलाय. आज सकाळी नांगर उचलला तेव्हा टेलर सुकाणूपाशी उभा होता. मास्तरने पुढून बांबू टाकला आणि अगदी हळू, वारा असूनही हळू, मला विचारलं की पाणी कसं आहे. मी म्हटलं, उथळ. टेलर बाजूला सरकला.

चौथ्या फळीला मी नवा अभ्रा घालून घेतलाय. शिवण सरळ आहे, मोजली. शनिवारी पुढच्या बंदरावर ये.

लोभ आहेच, आता ऐकूही येतो.
तुझा धाकटा

ता. क. काल फोनवर एवढं ओरडायची गरज नव्हती.