भिंतीकडची जागा

सोमवार, ४
आज रुजू झाले! संग्रहालयातला आपत्तीच्या खेळांचा विभाग आता माझ्याकडे. पुराच्या खोलीत मुलं धावत उंचावर चढतात, धुराच्या खोलीत रांगतात. सगळ्यांचं लाडकं म्हणजे हलणारं स्वयंपाकघर. जमीन थरथरली की डबे खडखडतात आणि सगळी फौज लांब टेबलाखाली! मशीन चालवणाऱ्यांना मुलं भूकंपकाका म्हणतात. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. शाळा सुटल्यावर आमच्या ठमीला इथे बसवायची परवानगी मिळाली, माझा जीव भांड्यात पडला. घरी आम्ही दोघीच ना.

बुधवार, ६
टेबलाखाली भिंतीकडच्या टोकाला काकांनी जाडजूड लोड कोंबलाय. विचारलं तर म्हणाले, ती जागा रिकामी ठेवायची नसते. मी लोड माळ्यावर टाकला, एका मुलाची सोय झाली. मुलं घाबरून मध्येच पळतात म्हणून नियमही केला. सगळ्यांनी हात धरायचे, मोकळा हात दिसला तर आपण होऊन धरायचा. शिट्टी झाली की भिंतीकडून सोडत यायचं. आतल्याने सोडल्याशिवाय बाहेरच्याने सोडायचं नाही. ठमीला तर तोंडपाठ झालाय.

शुक्रवार, ८
नियम झकास चालला. फक्त भिंतीकडची मुलगी फार उशिरा बाहेर आली. म्हणाली, आतला हात सोडतच नव्हता. तिच्या आत तर भिंतच! मनगटावर मात्र बोटांचे वळ. काका मुद्दाम पाठ फिरवून मशीन पुसत होते. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, १२
आज भिंतीकडे बसलेला एक मुलगा रडत आला. तो हात छोटा होता म्हणे, मातीने भरलेला. मी भिंत ठोकून पाहिली. भरीव आहे. आणि लोड परत जागेवर! मी तो पुन्हा काढला, काकांना चांगलं फैलावर घेतलं. मुलांना घाबरवून काय मिळतं तुम्हाला? ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की बाई, नियम बदला, आत जे आहे ते शिकवलेलं लगेच शिकतं.

बुधवार, १३
दिवसभर काकांना नजरेआड होऊ दिलं नाही. ते माझ्याशेजारी, हात बटणावर. तरी आतून किंकाळी आली. मग काका नाहीत. उगाच संशय घेतला मी. पण मग कोण?
उद्यापासून खोलीला कुलूप.

गुरुवार, १४
किल्ली आणायला गेले तेवढ्यात ठमी टेबलाखाली गेली. मशीन बंद आहे. शिट्टी वाजवली, येत नाही. म्हणते, आई, आतल्याने सोडला नाही. त्याच्याही आतल्याने सोडला नाही. रांग खूप लांब आहे.

तिचा हात मनगटापर्यंत भिंतीत होता —

माझा हात आत घातला. तिचा सुटला. काका तिला उचलून बाहेर घेऊन गेले. ते पहार आणणार आहेत.

डाव्या हाताने लिहितेय. कुणीतरी हा नियम खोडा. मुलांना सांगा, हात सोडला तरी चालतो, ओढून घ्या, पळा —

कोपरापर्यंत. गार आहे. आत कुणीतरी शिट्टीची वाट —

पावलं. काकांची नाहीत. ठमी. त्यांना चुकवून आलीय. माझ्याकडे बघतेय. माझ्या डाव्या हाताकडे —

ठमे, नको, हा मोकळा नाहीये, मी लिहिते आहे, ठमे, हात नको ध