उतरायचं एकीकडे, निघायचं दुसरीकडे

ती. दादांस,

सविनय नमस्कार. आम्ही चौघं, म्हणजे तुमच्या आई, तुमची बहीण, आमची कन्या आणि मी, परवा सुखरूप घरी पोहोचलो. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्याची पाठ धरणारच, तरी दवाखान्यातली ती खुर्ची एकदा बदलाच. वहिनींना नमस्कार. आई मजेत आहेत, हे मी मुद्दाम वेगळ्या वाक्यात लिहितो आहे, कारण निघण्यापूर्वी तुम्ही फोनवर जे बोललात ते मी विसरलेलो नाही. (विसरलो असतो तर एवढं लांबलचक पत्र लिहायला बसलो नसतो.)

तुमचं म्हणणं होतं, की परदेशात जिथे उतरायचं तिथूनच परत निघायचं, आणि तेही मोठ्या विमानतळावरून. हे आईला झेपत नसेल तर आई घरी राहील, विषय संपला. दादा, तुम्ही दातांचे डॉक्टर, विषय मुळासकट उपटायची तुम्हाला सवय. आई राहतात आमच्याकडे, पण त्यांच्याबद्दलचे हुकूम सुटतात तुमच्याकडून. मात्र अकरा वर्षं त्या गावाबाहेर पडल्या नव्हत्या आणि वरून समुद्र कसा दिसतो ते एकदा बघायचंय, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं; तेही लोकर गुंडाळता गुंडाळता, कुणाकडे न बघता. आता त्यांचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. दोन तासांच्या वर एका जागी बसलं की तो धरतो आणि सुटायला अर्धा दिवस घेतो. (विमानात उठून चार पावलं चालता येतं, बसमध्ये नाही.) म्हणजे आईंनी समुद्र बघायचा की नाही, हे सगळं विमानतळ कुठले निवडतो यावर ठरणार होतं.

मला मान्य आहे, की या बाबतीत माझं नाव फारसं चांगलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी निवडलेल्या विमानतळाच्या नावात शहर होतं, पण शहरात तो विमानतळ नव्हता. तिथून शहर गाठायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात विमान परत घरी पोहोचलं होतं. त्यावरून तुम्ही प्रत्येक कार्यात, चार पाहुण्यांदेखत, माझी जी सालटी काढत आलात त्याबद्दल माझी तक्रार नाही. (आहे, पण ती आता फिटली.)

तर खरं सांगतो, आधी मीही तुमच्याच मताचा होतो. बस आगारात एकतीस वर्षं वेळापत्रकं आखली. आमच्या धंद्याचा पहिला नियम, की सकाळी सुटलेली गाडी संध्याकाळी आपल्या आगारात आली पाहिजे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मी निळ्या पेन्सिलीने खाली समुद्रापर्यंत तीन टप्पे काढले, प्रत्येक टप्पा दोन तासांच्या आतला, आणि मग मोठ्या विमानतळाकडे परतीची सरळ रेघ ओढली. सात तासांची. त्या रेघेवर बघण्यासारखं काही नाही, उतरण्यासारखं काही नाही, केवळ विमानापाशी माणसं आणून पोहोचवायची. आमच्या भाषेत याला रिकामी फेरी म्हणतात. आयुष्यभर मी रिकाम्या फेऱ्या शोधून शोधून बंद केल्या, आणि इथे मी स्वतःच एक आखली होती, तीही सासूबाईंना आत बसवून! मी ताडकन उठलो. (नकाशावर चहा सांडला, पण तोवर काम झालं होतं.) समुद्राशी पोहोचल्यावर मागे फिरायचंच कशाला? तिथूनच उडायचं!

समुद्राकाठी दोन विमानतळ होते. एकाला विमानापर्यंत इतके जिने, की तो पहिल्या फेरीतच बाद. दुसरा छोटासा, एका मजल्याचा. मी तिथे फोन लावला आणि चौकशीवरच्या बाईंना विचारलं, की दारापासून विमानापर्यंत पावलं किती? त्यांनी मला थांबायला सांगितलं. मी समजलो, बाई फोन ठेवणार. कसचं काय, त्या स्वतः मोजायला गेल्या होत्या! धापा टाकत परत येऊन म्हणाल्या, एकशे चाळीस. त्यांची एकशे चाळीस म्हणजे आईंची दोनशे दहा, हे मी त्रैराशिक मांडून काढलं. कन्येने तिकिटं काढली, आणि मी वेळापत्रकाच्या चार प्रती करून चौघांच्या हातात दिल्या. तुमच्या बहिणीने तिच्या प्रतीवर किराण्याची यादी केली.

पुढचं सगळं घड्याळाच्या काट्यावर. मोठ्या विमानतळावर उतरलो, रात्रीपुरता स्टेशनजवळ मुक्काम केला. सकाळी निघताना मी सामानाला अशी शिस्त लावली, की पुढे आमचं ओझं थेट निम्म्यावर आलं. (त्याबद्दल खाली.) आणि आईंमध्ये झालेला बदल काय वर्णावा! ज्या बाई लग्नाच्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बेताला नावं ठेवत आल्या, त्याच बाई त्या सकाळपासून चकार शब्द बोलल्या नाहीत. मी काहीही दाखवलं की ओठ घट्ट मिटून हसायच्या आणि मान डोलवायच्या. खाण्याचे नखरे नाहीत. सूप, कुस्करलेला बटाटा, दुधात बुडवलेला पाव, की झालं जेवण. गुडघा एकदाही धरला नाही. सहा दिवसांत एकदाही नाही, दादा!

आणि शेवटचा दिवस. त्या छोट्या विमानतळाच्या दारापासून आई माझ्या दंडाला धरून चालल्या आणि मी मनातल्या मनात मोजत होतो. दोनशे आठ! माझ्या हिशेबात फक्त दोन पावलांचा फरक. विमान उडालं आणि लगेच पाण्यावर वळलं. आई खिडकीशी होत्या. त्यांनी माझी बाही पकडली (लेकीची नाही, नातीची नाही, माझी) आणि खालचं पाणी संपेपर्यंत सोडली नाही. माझे डोळे भरून आले, हे मी सहीनिशी लिहून देतो.

तेव्हा यापुढे कुटुंबात विमानतळाचा विषय निघाला, तर तो माझ्याकडे पाठवावा.

तुमच्या बहिणीचा नवरा,
आता सर्वानुमते प्रवासप्रमुख

ता. क. पुढच्या महिन्यात दंतवैद्यांच्या संमेलनासाठी तुम्ही त्याच देशात जाणार आहात आणि कुठला विमानतळ घ्यावा असं वहिनींनी विचारलं होतं. पूर्ण विचारांती माझा सल्ला असा, की उतरा मोठ्या विमानतळावर आणि निघाही तिथूनच. वर काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. पण स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात सामान ठेवायची खोली आहे आणि त्या खोलीत तुम्ही आम्हाला वापरायला दिलेली निळी बॅग आहे. एकतीस वर्षं मी सकाळी छत्री आणि डबा आगाराच्या कपाटात ठेवून संध्याकाळी घेतो आहे. हाताला सवय. काउंटरवर बॅग दिली, बिल्ला घेतला आणि ‘परत येताना नेतो’ म्हणालो. आम्ही त्या वाटेने परत येणारच नव्हतो, हे मला दुसऱ्या गावात आठवलं. बिल्ला सोबत जोडला आहे.

ता. ता. क. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पांढरी डबी आहे. तीत तुम्ही आईंना करून दिलेली कवळी आहे. वर जिथे जिथे आई गप्प असल्याचं आणि सूप प्यायल्याचं आलंय, तो मजकूर कृपया या माहितीसह पुन्हा वाचावा. मी लगेच मागे जायला निघालो होतो. आईंनीच अडवलं आणि कागदावर लिहून दिलं, ‘रिकामी फेरी नको.’

चि. दादास अनेक आशीर्वाद. जावईबापूंनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. खाली जागा दिसली म्हणून लिहिते. त्यांना बोल लावू नकोस. त्यांचं वेळापत्रक या घरात मी एकटीनेच शेवटपर्यंत वाचलं होतं. त्या हॉटेलात परत जायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते बॅग काउंटरवर द्यायला निघाले, तेव्हाच मी डबी हळूच आत सरकवली. तुझी कवळी तीन वर्षं टोचते आहे रे. पोटच्या पोराने केलेली, म्हणून बोलले नाही. सहा दिवस तोंडाला काय सुख होतं म्हणून सांगू! तू बॅग आण, डबीची घाई नाही. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारी माप द्यायला जाणार आहे. समुद्र पोटभर बघितला. नवे दात आले की जावईबापूंना पहिलं हेच सांगायचंय, की पावलं दोनशे आठ नव्हती, दोनशे चौदा होती. मीही मोजत होते.