पावणेदोनचं टेबल

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तुझे केस किती पिकलेत गं.’ म्हणजे दिसायला लागलं असं समजायला हरकत नाही. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? धाकटीची परीक्षा संपली असेल, तिला आत्याचा पापा दे.

फोन करता आला असता. पण फोनवर तू घाईत असतोस आणि माझा सूर तिसऱ्या वाक्याला भांडणाचा होतो. म्हणून लिहायला बसले.

सध्या माझ्याकडे एक वेगळंच काम आलंय. आमच्या प्रकाशनाला शहरातल्या जुन्या हॉटेलांवर पुस्तक काढायचंय आणि ती हॉटेलं शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नियम दोनच. जागा पहिल्यापासून तीच हवी आणि तिथली चूल निदान पन्नास वर्षं पेटती हवी. गेले चार महिने मी वही घेऊन पायपीट करतेय. चपलांचा एक जोड संपला.

या कामात करमणूकही बरीच होते. एकाने पाटीवर ‘ऐंशी वर्षांची परंपरा’ असं झोकात रंगवलंय. काही कागद आहे का विचारलं, तर म्हणाला, हॉटेल काढायची आजोबांची इच्छा तेव्हापासूनची होती. दुसरा प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, हॉटेल सात वर्षांचं आहे पण खुर्च्या फार जुन्या आहेत, खुर्च्यांचं छापता येईल का बघा. आता मला पाटी वाचावी लागत नाही. खरं जुनं हॉटेल उंबऱ्यावर कळतं, तो मधोमध झिजलेला असतो. आणि भिंतीलगतच्या बाकांमागे, डोकी टेकून टेकून, रंगावर तेलकट गोल उमटलेले असतात. तसे गोल कोणाला मुद्दाम उमटवता येत नाहीत.

मागच्या मंगळवारी जुन्या बसडेपोमागच्या हॉटेलात गेले. वय एकसष्ट वर्षं, टेबलं अकरा, वरती पांढरा दगड, कोपरे गुळगुळीत झालेले. गल्ल्यावर मूळ मालकाची सून बसते. तिने परवान्यांची फाइल न कुरकुरता काढून दिली. तिथला मुख्य वाढपी सत्तरी ओलांडलेला आहे. त्याला सगळे घड्याळकाका म्हणतात, कारण तो मनगटाकडे न बघता गिऱ्हाईक बघून वेळ सांगतो. दाढीवाले प्रोफेसर आले म्हणजे साडेबारा, दोघी नर्सबाई आल्या म्हणजे एक. नेहमीच्या माणसांना त्याने नावंही वेळेचीच ठेवली आहेत.

पुस्तकासाठी जुना फोटो हवा म्हटल्यावर मालकीणबाईंनी एक मोठी चौकट भिंतीवरून उतरवली. हॉटेलला पन्नास वर्षं झाली तेव्हा, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, नेहमीच्या गिऱ्हाइकांना बसवून काढलेला फोटो. मी काच पुसली आणि एकेक चेहरा बघत गेले.

बाकीचं उद्या लिहिते. आईला औषध घालायची वेळ झाली.

१५ मार्च

औषधाची वेळ खरी तर अर्ध्या तासाने होती. मला काल पुढचं लिहायचं नव्हतं, इतकंच.

दादा, फोटोत डावीकडून तिसरे बाबा होते.

केस पांढरे, चष्मा जाड, पण कान तेच आणि बसण्याची तीच तऱ्हा, एक खांदा पुढे काढून, आत्ता उठतील अशी. मी नऊ वर्षांची असताना ‘दुसऱ्या गावी काम मिळालंय’ म्हणून गेलेला माणूस. दोन पत्रं आली, मग बंद झाली. आपल्याकडे हा विषय कसा मिटवला गेला ते तुला सांगायला नको. आईने शिवणयंत्र भिंतीकडून खिडकीपाशी घेतलं, तू कॉलेज सोडून नोकरी धरलीस, आणि मी शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात ‘बाहेरगावी’ लिहायला शिकले.

मी घड्याळकाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हे कोण.

‘हे? हे पावणेदोन,’ ते म्हणाले. ‘बावीस वर्षं आले. आरशाखालचं टेबल त्यांचं. एक मिनिट इकडेतिकडे नाही.’

मला हसू आलं. घरी एकदाही वेळेवर न आलेला माणूस.

घड्याळकाका बोलत राहिले आणि मी वहीत लिहीत राहिले, कारण लिहिणं हेच माझं काम होतं. पलीकडच्या छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे. एकटेच खोली घेऊन राहायचे. रोज सूप, दोन पाव, वर एक उकडलेलं अंडं. बोलणं कमी. चार वर्षांपूर्वी यायचे थांबले.

पुढचं त्यांनी मी न विचारता सांगितलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांचा मुलगा यायचा. पंधरा-सोळा वर्षं येत होता. उंच, थोडा वाकून चालणारा. पाव खायच्या आधी त्याचा मऊ गर काढून गोळ्या वळत बसायचा, टेबल पुसताना त्या बोटांनी वेचाव्या लागत. मग एकदा तो एकटाच आला. दोघांचं मागवलं, एकाचं खाल्लं, आणि परत कधी दिसला नाही.

‘मी काही विचारलं नाही,’ घड्याळकाका म्हणाले. ‘दोन ताटं मागवणाऱ्याला काय विचारायचं?’

पावाच्या गोळ्यांवरून आईचे किती फटके खाल्लेस तू. आणि पहिल्या गुरुवारी तुझी ऑफिसातली बैठक असायची. म्हणून आईला दवाखान्यात न्यायला त्या दिवशी नेहमी मीच रजा काढायचे. चार वर्षांपूर्वी तुझी बदली झाली. झाली की मागून घेतलीस, हे मी विचारत नाही.

घड्याळकाकांनी शेवटी विचारलं, ‘तुमच्या ओळखीतले आहेत का?’

मी ‘नाही’ म्हणाले. तुझ्यावर रागवायच्या आधी हे मला कबूल करायला हवं. मलाही तोंडातून खोटं काढायला एक क्षण लागला नाही. मग मी त्यांचे आभार मानले, फोटोचा फोटो घेतला आणि बाहेर पडले. समोर ती चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोन वर्षं माझं ऑफिस होतं, आठवतं? डबा घरून न्यायचे, त्यामुळे खाली उतरून त्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नाही. खिडकीतून त्याचं छप्पर तेवढं दिसायचं.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. घड्याळकाकांना सांगितलं की मी परवा खोटं बोलले, ते माझे वडील. त्यांनी हातातली थाळी खाली ठेवली. मग संकोचून म्हणाले, ‘रागवू नका ताई. पण आम्हाला वाटायचं, त्यांना एकच मुलगा.’

मी आरशाखाली बसले. जे ते घ्यायचे तेच मागवलं आणि सगळं संपवलं. रडूबिडू आलं नाही. सूपमध्ये मिरपूड जास्त होती, एवढं वहीत नोंदवलं.

तू का लपवलंस याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांनी शपथ घातली असेल. आई कोलमडेल असं वाटलं असेल. किंवा पहिल्यांदा सांगायचं राहिलं, दुसऱ्यांदा जड गेलं आणि मग वर्षांचा ढीग झाला. यातलं कोणतंही कारण असलं तरी मी समजू शकेन. फक्त एक समजत नाही. पंधरा वर्षं समोरासमोर बसून तुम्ही बोलत होतात. तुझ्या बोलण्यात मी कधी आलेच नाही? की यायचे, आणि ते विषय बदलायचे? त्यांनी माझ्याबद्दल एकदा तरी विचारलं का, हे सांग. नसेल विचारलं तर नाही म्हण. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस, मी संपादक आहे, जोडलेलं वाक्य मला लगेच दिसतं.

आईला मी काल संध्याकाळी सांगितलं. हे तुला विचारून करायला हवं होतं, पण तूही मला विचारलं नव्हतंस.

ती मटार सोलत होती. सोलायची थांबली नाही. बाबा याच शहरात होते, तू भेटत होतास, आणि ते आता नाहीत, हे तिन्ही मी एका दमात सांगून टाकलं. तिने टोपल्यातली शेवटची शेंग सोलली आणि विचारलं, ‘तिथे जेवायला बरं मिळायचं का त्याला?’

मी म्हटलं, हो. मी स्वतः खाऊन आले.

‘गरम?’

‘गरम.’

मग तिने फोटो मागितला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. नव्या डोळ्याने तिने काय पाहिलं ते मला माहीत नाही. फोटो परत देताना म्हणाली, ‘दादाने एकट्याने उचललं सगळं. मला सांगितलं असतं तर मी काय अडवणार होते?’ आणि टरफलं टाकायला आत गेली. परत यायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

तुझ्यावर ती रागावलेली नाही. मी आहे, पण माझं थांबू शकेल.

तू ये. रविवारी सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी पोचशील. आईला विचारायचं आहे, शेवटी फार त्रास झाला का, कोण जवळ होतं, आणि त्यांना कुठे पोचवलंस. ही उत्तरं माझ्याकडे नाहीत. तिने त्यांच्याबद्दल चौतीस वर्षं कोणाला काही विचारलं नाही, आता तिला ताटकळत ठेवू नये असं मला वाटतं. माझा प्रश्न ती दुपारची आडवी झाली की विचारीन.

हॉटेल पुस्तकात घेतलंय. फोटोही. खाली सगळ्यांची नावं द्यायची आहेत आणि मालकीणबाईंना बाबांचं नाव ठाऊक नव्हतं. ते मी स्वतः लिहिलं, पूर्ण.

तुझी बहीण,
आणि त्यांची मुलगी