कारंज्यांसाठी पाणी

व्हर्साय, १२ मे १६८६

चि. सौ. पेरीन हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी खुशाल आहे. गुडघे कुरकुरतात, पण राजवाड्याच्या कारंज्यांवरचं काम चालू आहे. तुला वाटत असेल, इथे पाणी दिवसभर नाचतं. छे! एवढं पाणीच नाही. महाराज फिरायला निघाले की वळणावरचा माणूस शीळ घालतो, मी चावी फिरवतो. ते पुढे गेले की बंद. कोरडं कारंजं त्यांच्या नजरेला पडता कामा नये. अगं, मोठमोठे सरदार आपल्या गढ्या सोडून इथे माळ्यावरच्या खोल्यांत राहतात, सकाळी महाराजांचा सदरा हातात धरायला मिळावा म्हणून. तिथे माझी काय कथा!

म्हणून तर तुमची नदी इकडे वळवताहेत. तुझ्या झेर्वेला त्या कालव्यावर मीच शब्द टाकून लावलं. जावईबापूंना सांग, जरा भराभर खणा, मेहुण्याच्या कारंज्याला घोटभर पाणी पाठवा. मुलींना गोड पापा.

तुझा,
मातुरँदादा

शार्त्र, ३ जुलै

ती. दादास पेरीनचा शि. सा. न.

वि. वि. पाव आणि चीज घेऊन ह्यांना भेटायला मँतनों गावाजवळच्या कालव्याच्या छावणीत गेले होते. माणूस ओळखू येईना. दलदल उपसून निम्मी छावणी तापाने आडवी झाली आहे. ह्यांना दिवसाआड थंडी भरते, आणि ताप उतरला की पुन्हा हातात फावडं. शेजारच्या तंबूतले दोघे गेल्या आठवड्यात गेले.

मी मुकादमाच्या पाया पडले. तो म्हणाला, हे महाराजांचं काम आहे, राजवाड्यातून चिठ्ठी आल्याशिवाय माणूस सोडता येणार नाही. दादा, महाराजांपासून दहा पावलांवर उभा असतोस म्हणून मिरवतोस ना? मग त्यांना नको, तुझ्या साहेबांना तरी विचार. हे तुझ्यावर रागावलेले नाहीत. तू कामाला लावलंस त्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं मला बजावलं आहे.

वाट पाहते.
पेरीन

व्हर्साय, १० जुलै

चि. सौ. पेरीन हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. साहेबांच्या कानावर घातलं आहे. बघू म्हणाले. परदेशी राजाचे वकील यायचे आहेत, सगळी कारंजी एका दमात उडाली पाहिजेत. अशा गडबडीत पुन्हा टोकणं बरं दिसत नाही. इथे आपणहून कुणी तोंड उघडत नाही. थोडा धीर धर. झेर्वेला कडू काढा दे, तोंड वाकडं केलं तरी.

तुमच्या काळजीत असलेला,
दादा

शार्त्र, १ ऑगस्ट

ती. दादास,

सोमवारी पहाटे हे गेले. तापात सारखे विचारत होते, पाणी वर चढलं का. मी हो म्हटलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू विचारलंस, साहेबांनी मनावर घेतलं नाही, त्यात तुझा काय दोष? धाकटी विचारत होती, मामा कधी येणार.

पेरीन

व्हर्साय, ८ ऑगस्ट

चि. पेरीन हिस,

पाच दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

जुलैत मी साहेबांना विचारलंच नव्हतं. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि परत आलो. ते रागावतील, कारंजं जाईल, वीस वर्षांची नोकरी जाईल, असं काय काय मनात आलं. तुला मात्र लिहून मोकळा झालो.

शेवटी शनिवारी आत गेलो. साहेब जेवत होते. त्यांनी झेर्वेचं नाव विचारलं, रुमालाला बोटं पुसली, चिठ्ठीवर सही केली आणि म्हणाले, एवढंच होय, आधी नाही का यायचं? त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठी खिशात घालून बाहेर आलो, तर देवडीवर तुझं पत्र येऊन पडलेलं.

मला कुणीच नाही म्हटलं नव्हतं, पेरीन.

लोभ ठेव असं लिहायला हात वळत नाही. तू उत्तर धाडलं नाहीस तरी मी समजेन.

मातुरँ