दोन-षष्ठांश

प्रिय मुली,

आज ठकीच्या शाळेतून मला बोलावणं आलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "आई, मीटिंग आहे" म्हणतेस. कागदाला मीटिंग नसते. बसून वाच.

तुमच्या कंपनीचे गणित-विज्ञानाचे ऑनलाइन धडे यंदा तिच्या शाळेनं घेतलेत. गृहपाठ सगळा टॅबलेटवर, आणि कोणाचं काय चुकलं ते आपोआप बाईंना दिसतं. तुझी लेक वर्गात शेवटची आहे. बाई हसत हसत म्हणाल्या, "आईनं धडे केले आणि लेकच लाल रकान्यात! आजी, तुमचा घरी फार धाक तर नाही ना?" जन्मभर गणित-विज्ञान शिकवून हे ऐकायची वेळ आली. पाव अधिक अर्धा किती, तर ठकीनं बोट ठेवलं दोन-षष्ठांशावर. अर्ध्यात पाव मिळवला आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी! माझ्या वर्गात असं कोणी म्हटलं असतं, तर मी खडू खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत राहिले असते.

घरी आले ती तुझे धडेच घेऊन बसले. दोष तिथेच असणार, अशी माझी खात्री होती आणि तो सापडलाही. तुझा लंबक थांबतच नाही. हवा नाही, घर्षण नाही, कसल्या जगात टांगला आहेस तो? उत्तर बरोबर आलं की एक खार नाचते. मुलं विचार न करता एकामागून एक पर्याय दाबत सुटतात. कधीतरी हिरवं होतंच. मी मुलांना प्रयोगाआधी अंदाज लिहायला लावायचे आणि खोडरबर काढून घ्यायचे. तुला आठवत असेल, किती रडायचीस! पण चुकलेला अंदाज डोळ्यांसमोर राहिला की मूल त्याच्याशी भांडतं, आणि भांडता भांडता शिकतं. तुझ्या पडद्यावर चूक क्षणात पुसली जाते. सावल्यांचा धडा मात्र चांगला जमलाय. खोटं बोलता येत नाही, म्हणून तेवढं लिहिते.

मग ठकीला स्वयंपाकघरात घेतलं. पेला काठोकाठ भरून त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवला. बर्फ वितळला की पाणी सांडेल का, विचारलं. पोरगी म्हणाली, "नाही सांडणार. त्यानं आपली जागा आधीच अडवलीय ना!" पावाच्या तुकड्यांवर पाव अधिक अर्धा विचारलं. "पाऊण. आजी, हे काय विचारतेस, मी काय बालवाडीत आहे?" जीभ अगदी तुझी. मी चक्रावले. एवढं सगळं येतं, मग लाल रकान्यात कशी?

संध्याकाळी ती गृहपाठाला बसली. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. प्रश्न आला. तिनं तो वाचला, बरोबर उत्तरावर क्षणभर बोट नेलं आणि मुद्दाम शेजारचं चुकीचं दाबलं. लगेच टॅबलेटमधून तुझा आवाज आला, "असू दे हं, बाळा. ये, आपण मिळून पुन्हा बघू." तिनं पुन्हा चुकीचं दाबलं. पुन्हा तू. बरोबर उत्तर दिलं की खार नाचते आणि धडा संपतो. चुकलं तरच तू बोलतेस. ठकी दर वेळी हळूच म्हणत होती, "हो आई."

तू आणि जावई तिला माझ्याकडे ठेवून गेलात ते एका सुट्टीपुरतं. त्यानंतर शाळेचं अख्खं वर्ष गेलं. रविवारच्या फोनवर तू तिला "जेवलीस का" विचारतेस आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागतेस. परक्या घरातल्या हजारो पोरांना तुझा तो मऊ आवाज फुकट मिळतो. तुझ्या पोटच्या पोरीला मात्र तो ऐकायला वर्गात ढ ठरावं लागतं. मी बाईंना काही सांगितलं नाही. लाज तुझी असली तरी ती झाकायचं काम माझ्याकडे आलं.

धडे सुधार म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तुझी खार खुशाल नाचू दे. मी ठकीकडे टॅबलेट मागितला. तिनं तो पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "आई खरी येणार असेल तर देते." मी म्हटलं, येणार. तुला न विचारता तुझ्या वतीनं शब्द दिला आहे, आणि माझा शब्द खोटा पाडायची तुला मुभा नाही. नोकरी सोड, रजा घे, काय वाटेल ते कर. पण ये, आणि येताना परतीचं तिकीट एकटीचं काढू नकोस.

तुझीच, अजून तरी,
आई

या पत्रासोबत तुझ्या मामाच्या हाती तुझ्याकडे पाठवलं ते असं: टॅबलेट एक, चार्जर एक, पिवळं कव्हर एक. देणारी ठकी. पडदा तिनं स्वतः फ्रॉकनं पुसून दिला.